हार्वी मिल्क: कॅमेऱ्याच्या दुकानातून सिटी हॉलपर्यंत

गोदाकाठ (धागाकर्ता)

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकी नौदलाच्या एका तेलवाहू जहाजाचं नाव बदलण्यात आलं. आधी त्या जहाजाला हार्वी मिल्कचं नाव होतं. तेव्हापासून हा मिल्क कोण, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. ज्यांना माहीत आहे त्यांनाही साधारण एवढंच माहीत असतं की तो समलिंगी हक्कांसाठी लढणारा नेता होता आणि त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच्या मरणाची गोष्ट इतकी मोठी झाली की त्याचं काम मागे पडलं. मला त्या कामाबद्दल लिहायचंय. माझं ठाम मत आहे की मिल्क आधी एक उत्तम नगरसेवक होता, आणि समलिंगी माणसांसाठी त्याने जे मिळवलं ते या नगरसेवकपणाच्या जोरावर मिळवलं.

आधीचं आयुष्य थोडक्यात सांगते. जन्म २२ मे १९३०, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वुडमिअर इथे. लिथुआनियातून आलेलं ज्यू कुटुंब, आजोबांचं मोठं दुकान. ऑल्बनीत शिक्षकी पेशाच्या कॉलेजात गणित शिकला. कोरियन युद्धाच्या काळात नौदलात गेला, पाणबुड्यांच्या बचावासाठी असलेल्या जहाजावर डायव्हिंग अधिकारी झाला. १९५५ मध्ये त्याला नौदल सोडावं लागलं, कारण तो समलिंगी असल्याची चौकशी सुरू झाली होती. पुढे त्याने शाळेत शिकवलं, वॉल स्ट्रीटवर नोकरी केली, ब्रॉडवेच्या नाटकवाल्यांबरोबर काम केलं. १९६४ मध्ये तर बॅरी गोल्डवॉटर या पक्क्या उजव्या उमेदवाराचा प्रचारही केला. चाळिशी जवळ येईपर्यंत आपलं समलिंगी असणं त्याने चारचौघांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७२ मध्ये जोडीदार स्कॉट स्मिथबरोबर तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. पुढच्या वर्षी हाताशी उरलेल्या हजार डॉलरमध्ये दोघांनी ५७५, कॅस्ट्रो स्ट्रीट इथे कॅमेऱ्याचं दुकान थाटलं. कॅस्ट्रो ही मूळची आयरिश कॅथलिक कामगारांची वस्ती. जुनी कुटुंबं उपनगरांत निघून चालली होती आणि रिकाम्या घरांत देशभरातून आलेले समलिंगी तरुण राहायला येत होते. दोघांमध्ये चांगलीच धुसफुस होती.

मिल्क राजकारणात पडला तो समलिंगी हक्कांच्या प्रश्नावरून पडला, असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. विक्रीकर खात्याचा एक माणूस दुकानात येऊन शंभर डॉलर अनामत मागू लागला, त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं. एक शिक्षिका शाळेतला प्रोजेक्टर चालत नाही म्हणून दुकानातून उसना मागायला आली. त्याच सुमारास टीव्हीवर वॉटरगेट घोटाळ्याची सुनावणी चालू होती आणि माजी महान्यायवादी 'मला आठवत नाही'चा पाढा वाचत होते. या तीन गोष्टींनी त्याचं डोकं फिरलं. छोट्या दुकानदाराला छळणारं आणि शाळेला प्रोजेक्टर न देणारं सरकार, ही त्याची पहिली तक्रार. माझ्या मते त्याचं पुढचं सगळं राजकारण या तक्रारीतून वाढलं.

१९७३ मध्ये तो बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या, म्हणजे तिथल्या नगरसभेच्या, निवडणुकीला उभा राहिला. लांब केस, पोनीटेल, खिशात पैसे नाहीत. बत्तीस उमेदवारांत दहावा आला, १६,९०० मतं. शहरातल्या प्रस्थापित समलिंगी पुढाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला नाही. ही मंडळी डेमोक्रॅटिक पक्षातल्या सहानुभूतीदार नेत्यांना निवडून आणायची आणि त्या बदल्यात थोडंफार पदरात पाडून घ्यायची. त्यांच्यातले जिम फॉस्टर यांनी त्याला सुनावलं, त्याचा आपल्या भाषेत मतलब असा की, आधी सतरंज्या उचला, मग व्यासपीठावर बसायचं बघा. मिल्कचं म्हणणं उलट होतं. कितीही प्रेमळ असला तरी दुसऱ्याने आपली बाजू मांडणं आणि आपल्यातलाच माणूस खुर्चीवर बसलेला दिसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९७५ मध्ये केस कापले, सूट घातला, पुन्हा उभा राहिला. सहा जागा होत्या, हा सातवा आला. नवे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्याला परवान्यांच्या अपिलांच्या मंडळावर नेमलं. पाच आठवड्यांत त्याने राज्याच्या विधानसभेला उभं राहायचं जाहीर केलं आणि मॉस्कोनींनी त्याला काढून टाकलं. तीही निवडणूक चार हजारांहून कमी मतांनी गेली. लागोपाठ तीन पराभव.

मग नियम बदलला. तोवर सगळं शहर मिळून सगळे सुपरवायझर निवडायचं. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी अकरा विभाग करायला कौल दिला. पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागात प्रचार केलेल्या माणसाला यातला फरक सांगावा लागणार नाही. मोठ्या क्षेत्रात पैसा आणि पक्षाचं चिन्ह चालतं, एका वॉर्डात दारोदार फिरलेला माणूस चालतो. ८ नोव्हेंबर १९७७ ला पाचव्या विभागातून सोळा प्रतिस्पर्ध्यांना हरवून मिल्क निवडून आला. त्याच निवडणुकीत चिनी वंशाचे गॉर्डन लाउ, कृष्णवर्णीय एला हिल हच आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या कॅरोल रूथ सिल्व्हर याही आल्या. आणि डॅन व्हाइट नावाचा एक तरुण, आधी पोलीस आणि नंतर अग्निशमन दलात असलेला.

पुढचं उद्या लिहिते.

रानजाई

छान सुरुवात. एक दुरुस्ती आधीच सुचवते, कारण मिल्कवरच्या बहुतेक लेखांत ही चूक असते. तो अमेरिकेतला पहिला निवडून आलेला उघड समलिंगी लोकप्रतिनिधी नाही. १९७४ च्या एप्रिलमध्ये कॅथी कोझाचेंको मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या नगरसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत गेल्या. दोघी स्त्रिया. इतिहास सांगताना त्यांची नावं गळतात याचा मला मनापासून राग येतो.

आणि उमेदवारीचं म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोतच होझे सारिया १९६१ मध्ये याच बोर्डासाठी उभे राहिले होते. ते बारमध्ये स्त्रीवेशात ऑपेरा गायचे. हरले, पण पाच हजारांवर मतं मिळवली. एवढी मतं देणारी माणसं या शहरात आहेत, हे राजकीय पक्षांना तेव्हा पहिल्यांदा समजलं. मिल्कच्या १९७३ च्या उमेदवारीला सारियांचा पाठिंबा होता.

गोदाकाठ

रानजाई, बरोबर. कॅलिफोर्नियातला पहिला म्हणायला हवं. सारियांचं लिहायचं राहिलं होतं, ते तुम्ही छान भरून काढलंत.

जुना गिरणगावकर

मी हयात कामगार चळवळीत काढली. मला या माणसाबद्दल प्रथम कळलं ते युनियनच्या संदर्भात, म्हणून सांगतो.

टीमस्टर्स ही ट्रक ड्रायव्हरांची अमेरिकेतली मोठी आणि दणकट युनियन. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा बिअर वाटणाऱ्या कंपन्यांशी झगडा चालला होता. संघटक अ‍ॅलन बेअर्ड कॅस्ट्रोत राहणारे. गे बारमध्ये बिअर प्रचंड खपते हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मिल्ककडे गेले. बारवाल्यांना बहिष्कारात सामील करून द्या, म्हणाले. मिल्कने पैसे किंवा पद मागितलं नाही. तुमच्या युनियनमध्ये समलिंगी ड्रायव्हरांना काम द्या, एवढीच अट घातली. दोघांनी शब्द पाळला. कूर्स या कंपनीची बिअर बारमधून हटली, कंपन्यांनी एकेक करून करार केले, कूर्स तेवढी अडून बसली.

त्यातून काय झालं पाहा. १९७५ च्या निवडणुकीत टीमस्टर्स, बांधकाम कामगार आणि अग्निशमन दलाच्या युनियनने मिल्कला पाठिंबा दिला. ही सगळी रांगडी माणसं, 'तसल्या' लोकांवर विनोद करण्यात आयुष्य गेलेली. पण आपल्या संपात जो उभा राहिला तो आपला, हा हिशेब कामगाराला कुणी समजावून सांगावा लागत नाही. आम्ही गिरण्यांच्या संपात हेच शिकलो. जात, गाव, भाषा बाजूला पडत नाहीत, पण एकाच गेटवर उभं राहिलं की माणूस दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघायला लागतो.

आजच्या चळवळीतल्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या मोर्चाला या असं आम्हाला जरूर सांगा, पण आमच्या मोर्चातही या. मिल्क आधी दुसऱ्याच्या मोर्चात गेला होता.

वाचनवेडा

गिरणगावकरकाका, ही माहिती अजिबात नव्हती. धन्यवाद. गोदाकाठ, पुढचा भाग?

गोदाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद धाग्याहून मोलाचा आहे.

तर, ९ जानेवारी १९७८ ला त्याने शपथ घेतली. त्या दिवशी तेव्हाच्या जोडीदाराच्या हातात हात घालून तो कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत पायी गेला, मागे समर्थकांची मोठी रांग. पद मिळालं जेमतेम अकरा महिने. तेवढ्यात केलेली कामं बघा. घरांची सट्टेबाजी करून भाडेकरूंना हुसकावणाऱ्यांवर कर लावायचा प्रस्ताव मांडला. म्हाताऱ्यांच्या, बसच्या, लहान दुकानदारांच्या प्रश्नांवर सतत बोलला. आणि कुत्र्यांच्या विष्ठेचा कायदा! शहरातली सर्वांत मोठी तक्रार रस्त्यावरच्या कुत्र्याच्या घाणीची होती. मिल्कने मालकानेच ती उचलायची असा नियम आणला, पत्रकारांना ड्युबोस पार्कमध्ये बोलावलं आणि कॅमेऱ्यांसमोर नेमका घाणीत पाय दिला. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे झळकला. हा प्रसंग गंमत म्हणून सांगतात. मला त्यात फार मोठी अक्कल दिसते. ज्या आजीबाईंना समलिंगी म्हणजे काय हे ऐकायचंही नव्हतं, त्यांच्या दारासमोरचा रस्ता त्याने साफ करून दिला होता.

याच काळात समलिंगी माणसांना नोकरीतून आणि घरातून काढायला बंदी करणारा शहराचा कायदा मंजूर झाला. दहा विरुद्ध एक. ते एक मत डॅन व्हाइटचं. त्यामागेही एक वॉर्डाचंच भांडण होतं. व्हाइटच्या विभागात मानसिक आजार असलेल्या मुलांसाठी एक केंद्र येणार होतं. व्हाइटचा विरोध होता आणि मिल्क आपल्या बाजूने आहे असं त्याने धरलं होतं. मिल्कने केंद्राच्या बाजूने मत दिलं. व्हाइटने ते कधीच विसरलं नाही.

मग ब्रिग्ज प्रस्ताव. जॉन ब्रिग्ज या राज्यातल्या सिनेटरने सार्वमतासाठी सहावा प्रस्ताव आणला: समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढा, आणि त्यांची जाहीर बाजू घेणाऱ्या कुठल्याही शिक्षकालाही काढा. आदल्या वर्षी फ्लोरिडात गायिका अनिता ब्रायंट हिने 'मुलांना वाचवा' म्हणत समलिंगींना संरक्षण देणारा स्थानिक कायदा मतदानाने रद्द करवला होता. ती लाट देशभर पसरत होती. सुरुवातीच्या मतचाचण्यांत ब्रिग्ज खूप पुढे होता.

मिल्क आणि प्राध्यापिका सॅली गिअरहार्ट गावोगावी जाऊन ब्रिग्जशी जाहीर वाद घालू लागले. ब्रिग्जच्याच बालेकिल्ल्यातसुद्धा. मुलं शिक्षकांचं अनुकरण करतात या दाव्यावर मिल्कचं उत्तर होतं की, तसं असतं तर आज रस्तोरस्ती नन दिसल्या असत्या. पण त्याचा खरा भर वादावर नव्हता. प्रत्येक सभेत तो एकच गोष्ट सांगायचा: घरी सांगा. आईवडिलांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, जिथे काम करता तिथे सांगा. आपल्या ओळखीचा एक जरी माणूस समलिंगी आहे हे मतदाराला कळलं, तर त्याच्याविरुद्ध मत देताना त्याचा हात अडेल.

पुढे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनही प्रस्तावाच्या विरोधात गेले. कुठलाही विद्यार्थी आपल्याला न आवडणाऱ्या शिक्षकावर आळ घेऊ शकेल, ही त्यांची भीती. ७ नोव्हेंबर १९७८ ला प्रस्ताव ५८ विरुद्ध ४२ टक्क्यांनी आपटला, दहा लाखांहून जास्त मतांच्या फरकाने.

त्यानंतर वीस दिवसांनी मिल्क मारला गेला.

दोघांची आई

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते. पण 'घरी सांगा' हे वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलाने मला सांगितलं तेव्हा तो नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. मी रडले, देवाला बोल लावले, त्याच्याशी अबोला धरला. आता आमचं सगळं नीट आहे, त्याचा जोडीदार दिवाळीला घरी असतो. पण मी खरं सांगते, त्याने सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर अशा लोकांबद्दल जे ऐकत आले तेच मानत राहिले असते. कुठल्या भाषणाने माझं मत बदललं नसतं. मिल्क म्हणतो ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं झालं.

औसा रोड

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. पण मला थोडं वेगळं म्हणायचंय.

मी लातूर जिल्ह्यातला. मी घरी सांगितलेलं नाही आणि इतक्यात सांगणारही नाही. घर एकत्र, शेती वडिलांच्या आणि काकांच्या नावावर, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. मी सांगितलं तर त्याची किंमत ती मोजेल. 'बाहेर या' म्हणणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण ते ऐकताना आपण भित्रे आहोत असं वाटायला लावतात, ते मला मान्य नाही.

आणि मिल्कबद्दल बोलायचं तर ऑलिव्हर सिपलचं नाव या धाग्यावर कसं आलं नाही? २२ सप्टेंबर १९७५ ला सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर एका बाईने पिस्तूल रोखलं. व्हिएतनाम युद्ध लढून आलेला माजी सैनिक सिपल गर्दीत होता, त्याने तिचा हात धरला, नेम चुकला. फोर्ड वाचले. सिपल समलिंगी होता, शहरात मित्रांना माहीत होतं, पण डेट्रॉइटच्या घरी माहीत नव्हतं. मिल्कने ही गोष्ट हर्ब केन या स्तंभलेखकाला सांगितली आणि ती छापून आली. हेतू काय, तर समलिंगी माणूसही वीर असतो हे देशाला कळावं. सिपलच्या आईवडिलांना आपल्या मुलाबद्दल वर्तमानपत्रातून कळलं. आई त्याच्याशी बोलेनाशी झाली. त्याने वर्तमानपत्रांवर खटला भरला, तो हरला. १९८९ मध्ये घरात एकटाच मेला.

तो निर्णय सिपलचा होता. मिल्कला तो घ्यायचा अधिकार नव्हता.

गोदाकाठ

औसा रोड, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार मानते. सिपलचा प्रसंग मिल्कच्या आयुष्यातला सर्वांत वाईट डाग आहे असं मी मानते. वर मी लिहिलं की चाळिशीपर्यंत मिल्क स्वतः गप्प होता. त्याला त्याची वेळ मिळाली. नोकरी, शहर, जोडीदार, सगळं जुळून आल्यावर तो बोलला. सिपलला ती वेळ मिळाली नाही.

त्याच्या बाजूने एवढंच सांगता येईल की ज्या लाटेशी तो लढत होता ती खोट्या प्रतिमेवर उभी होती आणि त्या प्रतिमेसमोर त्याला जिवंत माणसं उभी करायची होती. पण चळवळीच्या फायद्यासाठी एखाद्या माणसाला पुढे ढकलणं आणि त्याने स्वतः पुढे येणं या दोन गोष्टी एक नाहीत. आणि न सांगणारा माणूस भित्रा नसतो. बहिणीचा विचार करून थांबणं हेही धैर्यच आहे.

दोघांची आई

औसा रोड, बाळा, तुला कमी लेखायचा माझा हेतू नव्हता. तुझ्या वेळेला तू सांग, नाही सांगितलंस तरी तू चुकत नाहीस. बोलावंसं वाटलं तर मला इथून निरोप पाठव.

तळेगावकर

चांगली चर्चा चालली आहे. आणखी एक अडचणीचा मुद्दा मांडतो. जिम जोन्स या धर्मगुरूच्या पीपल्स टेंपल या पंथाशी मिल्कचे चांगले संबंध होते. त्यांचे स्वयंसेवक त्याच्या प्रचाराला यायचे, तो त्यांच्या सभांत बोलायचा. १९७८ च्या फेब्रुवारीत त्याने राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना जोन्सच्या बाजूने पत्रसुद्धा लिहिलं. त्याच नोव्हेंबरच्या १८ तारखेला गयानातल्या जोन्सटाउन या पंथाच्या वसाहतीत नऊशेहून जास्त माणसं मेली, त्यात कितीतरी लहान मुलं. महापुरुष करताना हे झाकू नये.

गोदाकाठ

झाकणार नाही. त्या काळी शहरातला प्रत्येक डेमोक्रॅट पुढारी जोन्सच्या दारात जात होता. मॉस्कोनींनी तर त्याला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा अध्यक्ष केलं होतं. हुकमी कार्यकर्ते पुरवणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. पण बाकीचे गेले म्हणून मिल्कचं पत्र क्षम्य ठरत नाही. मुलांना परत मागणाऱ्या नातेवाइकांच्या तक्रारी तेव्हा समोर आलेल्या होत्या.

वकीलीण

खटल्याबद्दल मी लिहिते, कारण त्यावर फार चुकीच्या गोष्टी फिरतात.

१० नोव्हेंबर १९७८ ला डॅन व्हाइटने राजीनामा दिला. सुपरवायझरला वर्षाला फक्त ९,६०० डॉलर मिळायचे, घर चालत नव्हतं. थोड्याच दिवसांत त्याला पद परत हवं झालं. मॉस्कोनी आधी हो म्हणाले, मग नाही. पद परत देऊ नका असा आग्रह करणाऱ्यांत मिल्क होता. २७ नोव्हेंबरला नवी नेमणूक जाहीर व्हायची होती. व्हाइट धातुशोधक यंत्र चुकवून तळघराच्या खिडकीतून सिटी हॉलमध्ये शिरला. जवळ रिव्हॉल्व्हर आणि जास्तीच्या गोळ्या. आधी मॉस्कोनींना मारलं, पिस्तूल पुन्हा भरलं, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मिल्कला आपल्या जुन्या खोलीत बोलावलं आणि मारलं. मिल्क ४८ वर्षांचा होता. बोर्डाच्या अध्यक्ष डायान फाइनस्टाइन यांना त्याचा देह सापडला. दोघांच्या मृत्यूची बातमी त्यांनीच पत्रकारांना दिली, आणि त्याच पुढे महापौर झाल्या.

खिडकी, जास्तीच्या गोळ्या, पिस्तूल पुन्हा भरणं. आपल्याकडे हे सगळं सरळ खुनाच्या कलमात बसलं असतं. तिथल्या ज्यूरीत एकही उघड समलिंगी माणूस नव्हता. व्हाइट हा चर्चला जाणारा, माजी पोलीस, घरचा चांगला मुलगा, असं चित्र उभं राहिलं. त्याच्या कबुलीजबाबाची टेप ऐकून ज्यूरीतल्या काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. बचावाने 'क्षीण मानसिक क्षमता' हा मुद्दा घेतला. लोक म्हणतात की गोड केक खाल्ल्यामुळे त्याने खून केला असं वकील म्हणाले. तसं कुणी म्हटलं नव्हतं. खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नव्हती हे नैराश्याचं लक्षण म्हणून एका मानसोपचारतज्ज्ञाने सांगितलं होतं. पत्रकारांनी त्याला ट्विंकी नावाच्या केकवरून 'ट्विंकी बचाव' हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

२१ मे १९७९ ला निकाल लागला. खून नाही, आपल्या भाषेत सदोष मनुष्यवध. सात वर्षं आठ महिने. दोन माणसांचे. त्या रात्री सिटी हॉलवर दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. मग पोलिसांनी कॅस्ट्रोतल्या एका बारमध्ये घुसून तिथे बसलेल्यांना झोडपलं. व्हाइट साधारण पाच वर्षांत सुटला आणि १९८५ मध्ये त्याने आत्महत्या केली. कॅलिफोर्नियाने पुढे हा बचावच कायद्यातून काढून टाकला.

फ्रीमाँटकर

मी बे एरियात राहतो. ५७५, कॅस्ट्रोच्या पदपथावर त्याच्या नावाची फरशी आहे. विमानतळाच्या टर्मिनल १ ला त्याचं नाव आहे, भिंतीवर मोठमोठे फोटो आहेत. २२ मे हा दिवस कॅलिफोर्नियात हार्वी मिल्क दिन म्हणून पाळायचा कायदा २००९ मध्ये झाला. त्याच वर्षी ओबामांनी त्याला मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं.

पण मला सर्वांत भिडतो तो वेगळाच वारसा. खून झाला त्या रात्री हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोहून सिटी हॉलला गेली. पुढे दर वर्षी ती मिरवणूक निघत राहिली. १९८५ च्या मिरवणुकीत क्लीव्ह जोन्स, जे मिल्कच्या कचेरीत विद्यार्थी मदतनीस होते, त्यांनी एड्सने गेलेल्या मित्रांची नावं कागदांवर लिहून आणायला सांगितलं. ती सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली, आणि जोन्स यांना ती भिंत एखाद्या ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. तिथून एड्सच्या गोधडीची कल्पना निघाली. गेलेल्या माणसाच्या नावाचा, तीन फूट बाय सहा फुटांचा कापडाचा तुकडा, त्याच्या माणसांनी घरी शिवलेला. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये ती पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आईने, बहिणीने, जोडीदाराने शिवलेले. त्याआधी कित्येक वर्षं सरकारने या आजाराबद्दल धड तोंडही उघडलेलं नव्हतं.

समलिंगी चळवळीचा इंद्रधनुषी झेंडाही त्याच शहरातला आणि त्याच काळातला. गिल्बर्ट बेकर आणि साथीदारांनी हाताने रंगवून तो २५ जून १९७८ ला फडकवला. तेव्हा आठ पट्टे होते.

वाचनवेडा

आपल्याकडे मिल्कसारखं कुणी निवडून आलं आहे का? उघडपणे सांगून?

रानजाई

तृतीयपंथी उमेदवारांनी आपल्याकडे वाट काढली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावचे सरपंच म्हणून २०१७ मध्ये माऊली कांबळे निवडून आल्या. २०२१ च्या जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील ग्रामपंचायतीवर आल्या. त्यांना आधी महिलांच्या जागेवर अर्ज नाकारला होता, औरंगाबाद खंडपीठात जाऊन त्यांनी तो हक्क मिळवला. तुम्ही वर नगरसेवकपणाचं म्हणालात ना गोदाकाठ, या दोघीही गावच्या पातळीवर निवडून आल्या आहेत. पक्षांतही थोडं हललं आहे. २०२४ मध्ये अनीश गावंडे हे उघडपणे समलिंगी असलेले तरुण राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे राष्ट्रीय प्रवक्ते झाले.

तळेगावकर

एक शेवटचा प्रश्न. मिल्क विभागवार निवडणुकीमुळे आला, असं तुम्ही म्हणता. मग त्याच्यानंतर ती पद्धत टिकली का? की त्याच्याबरोबर त्याचं राजकारणही संपलं?

गोदाकाठ

पद्धत टिकली नाही. १९८० च्या ऑगस्टमध्ये शहराने विशेष मतदान घेऊन विभाग रद्द केले आणि पुन्हा सगळ्या शहरातून निवडणूक सुरू झाली. विभाग परत आले ते थेट २००० मध्ये.

राजकारण मात्र टिकलं. मिल्कने १८ नोव्हेंबर १९७७ ला, निवडून आल्यावर दहाच दिवसांत, आपला खून झाला तर ऐकवावी म्हणून एक टेप रेकॉर्ड करून ठेवली होती. डोक्यात गोळी शिरलीच तर तिने लपून राहिलेल्या प्रत्येकाच्या दाराची कडी फोडावी, हे त्याचं प्रसिद्ध वाक्य त्यातलंच. पण त्याच टेपमध्ये त्याने आपल्या जागी कुणाला नेमावं आणि कुणाला मुळीच नेमू नये, याचीही नावं दिली आहेत. सतरंज्या उचलायला सांगणाऱ्या गटातल्या माणसांना त्याने साफ नकार दिला होता. फाइनस्टाइन यांनी त्या यादीतल्या हॅरी ब्रिट यांना नेमलं. १९८० मध्ये सगळ्या शहरातून लढायची वेळ आली तेव्हाही ब्रिट निवडून आले. १९८२ मध्ये त्यांनी लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना हक्क देणारा ठराव बोर्डाकडून मंजूर करून घेतला. फाइनस्टाइन यांनी तो नाकारला. ब्रिट नंतरही बोर्डावर राहिले, १९८९ मध्ये बोर्डाचे अध्यक्ष झाले, आणि १९९० मध्ये जोडीदारांच्या नोंदणीला मतदारांनीच मंजुरी दिली.